घर जाणारच असेल तर विकणारे तुम्ही असा

पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१. जळगावच्या एमआयडीसीत एका प्लास्टिक कारखान्यात सुपरवायझर, पगार ३८ हजार. सात महिन्यांपूर्वी कारखान्याने एक पाळी बंद केली, त्यात नोकरी गेली. पिंप्राळ्याकडे रो हाऊस आहे. त्यावर ९ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी घेतलेलं २२ लाखांचं कर्ज, हप्ता १९,८००. पाच वर्षं हप्ता चुकला नाही, आता पाच थकलेत. बारा दिवसांपूर्वी बँकेची साठ दिवसांची नोटीस आली. चाकणला ३० हजारांची नोकरी मिळतेय. अमळनेर तालुक्यात वडिलांचं दोन एकर शेत आहे, ते विकून घर वाचवू असं वडील म्हणतात. बायको म्हणते, घर जाऊ द्या. मधले हप्ते भरायला पतसंस्थेतून दीड लाख उचललेत, त्याला साडू जामीन. एक गिऱ्हाईक घराला २९ लाख द्यायला तयार आहे. आणि एक ओळखीचा माणूस म्हणतोय, "मी बँकेचं भागवतो, तुम्ही खरेदीखत माझ्या नावे करून द्या, दोन वर्षांत परत फिरवून देईन." पत्राच्या शेवटी विचारलंय, बँकेला चावी देऊन मोकळा होऊ का?

चावीपासूनच सुरुवात करतो. चावी दिली म्हणून कर्ज फिटत नाही. गृहकर्ज घरावर असतं तेवढंच तुमच्या डोक्यावरही असतं. बँक घर विकून आपलं येणं वसूल करते. वर उरलं तर तुम्हाला द्यावं लागतं, कमी पडलं तर ती तूट तुमच्याकडे मागते, बायको सहकर्जदार असेल तर तिच्याकडेही. चावी देऊन तुम्ही सोडता ते एवढंच, की घर कितीला जाईल यात तुमचा जो काही शब्द होता तो.

मी बँकेत सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा वसुलीत, जळगाव आणि धुळ्याकडे. लोकांच्या दारावर नोटिसा चिकटवायला मी स्वतः गेलोय. निवृत्त झाल्यापासून टेबलाच्या अलीकडे, कर्जदाराच्या बाजूला बसतो. तुमचे आकडे पाहून माझं मत स्पष्ट आहे: हे घर ठेवण्याची ताकद आज तुमच्याकडे नाही. बायकोचं बरोबर आहे. फक्त "जाऊ द्या" आणि "विकून टाका" यात काही लाखांचा फरक आहे.

आधी हिशोब. चाकणच्या ३० हजारांतून पीएफ वगैरे कापून हातात २७ धरू. तिकडे दोन खोल्यांचं भाडं ९ हजार, हप्ता १९,८००. उणे झालं. जळगावचं घर भाड्याने दिलं तर ७ हजार येतील. म्हणजे चार माणसांचं खाणं, शाळा, दवाखाना आणि पतसंस्थेचा हप्ता, सगळं मिळून महिन्याला पाच हजार दोनशे. हे गणित वहीत मांडलं की भांडण मिटतं. तुम्ही ते मांडलेलं नाही असं मला पत्रावरून वाटतं, कारण पत्रात घराबद्दल दोन पानं आहेत आणि चाकणच्या पगाराबद्दल एक ओळ.

घर कुणी ठेवावं? ज्याच्या हातात नव्या नोकरीचं पत्र आहे, ज्याचा हप्ता हाती येणाऱ्या पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या आत बसतो आणि जो थकलेली सगळी रक्कम उसनवारी न करता एकदम भरू शकतो, त्याने. "एकदम" यावर जोर आहे. ९० दिवस थकलं की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते बुडण्याच्या वाटेवरचं कर्ज धरते, आणि एकदा एनपीए झालं की एक-दोन हप्ते भरून ते बाहेर येत नाही, थकलेलं व्याज आणि थकलेलं मुद्दल दोन्ही पूर्ण भरावं लागतं. हे न कळल्यामुळे माणसं वर्षभर जमेल तसे दहा-पंधरा हजार भरत राहतात. धुळ्यात एका कर्जदाराने बायकोच्या पाटल्या, मग पोत, मग मुलीसाठी ठेवलेलं सोनं असं करत आठ हप्ते भरले. त्याला मी दर वेळी "भरताय ते चांगलंय" म्हणत पावती देत होतो. वसुलीचा महिन्याचा आकडा मला गाठायचा होता. घर शेवटी लिलावातच गेलं. सोनं आधी गेलं होतं.

तुमच्या मनात आणखी एक काटा आहे, तो लिहिलेला नसला तरी दिसतो: पाच वर्षं भरलं ते सगळं पाण्यात? तुम्ही ११ लाख ८८ हजार भरलेत आणि मुद्दल जेमतेम अडीच लाखांनी उतरलंय. वीस वर्षांच्या कर्जात पहिली काही वर्षं हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो. तुम्हाला कुणी फसवलेलं नाही, गणितच तसं आहे. त्या पैशात पाच वर्षं राहिलात असं समजा. भरलेलं परत मिळवायचं म्हणून पुढचं भरत बसणं हा माझ्या पाहण्यातला सगळ्यात महाग हट्ट आहे.

आता बारा दिवसांपूर्वीच्या नोटिशीबद्दल. ती सरफेसी कायद्याची, म्हणजे २००२ च्या कायद्याच्या कलम १३(२) ची मागणी नोटीस असणार. साठ दिवस तुम्हाला मिळाल्या तारखेपासून मोजतात, म्हणून तो लिफाफा फेकू नका. या साठ दिवसांत बँक ताबा घेऊ शकत नाही. तुम्ही लेखी म्हणणं दिलंत तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. साठ दिवस संपले की बहुधा आधी सांकेतिक ताबा होतो: दारावर कागद, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक मराठी. तुम्ही घरातच राहता, पण गल्लीला कळतं. मग प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. ताब्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं, पण ते खान्देशात नाही. दर तारखेला बाहेरगावी जाणं आलं, वकिलाची फी आली. बँकेने हिशोबात किंवा नोटिशीत खरोखर चूक केली असेल तर जरूर जा. नुसते दिवस काढायला जाऊ नका, त्या दिवसांचंही व्याज तुमच्याच खात्यावर चढतं.

एक तारीख मात्र डोक्यात पक्की ठेवा. पूर्वी घर प्रत्यक्ष विकलं जाईपर्यंत पैसे भरून सोडवता यायचं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. "लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन जाऊ" ही गोष्ट आता जुनी झाली. पेपरात लिलावाची नोटीस आली की घर तुमच्या हातात राहिलेलं नसतं.

(जाता जाता, बँकेत गेलात की "फोरक्लोजर लेटर द्या" असं म्हणा. घाबरू नका, आपल्याकडे त्याचा अर्थ जप्ती नाही. अमुक तारखेला कर्ज पूर्ण बंद करायला किती रक्कम लागेल याचं ते पत्र. बदलत्या व्याजदराचं वैयक्तिक गृहकर्ज असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, तो आकड्यात घुसलाय का ते बघा.)

स्वतः विकणं आणि लिलाव यातला फरक तुमच्याच आकड्यांत दाखवतो. आज व्याजासकट येणं सुमारे सव्वावीस लाख. विक्री पूर्ण व्हायला तीन महिने लागले आणि बँकेचे खर्च धरले तर २१ लाख. २९ ला घर गेलं तर ८ लाख उरतात. दलाल, घरपट्टी, लाइटबिल जाऊन साडेसात. पतसंस्थेचं व्याजासकट भागवून हातात सहाच्या आतबाहेर.

लिलावात काय होईल? बँकेचा मूल्यांकनकार घाईच्या विक्रीची किंमत धरतो. रो हाऊसला राखीव किंमत, म्हणजे लिलावातली किमान बोली, २५ लाखांच्या आसपास लागली तर मला नवल वाटणार नाही. लिलावातलं घर घेणाऱ्याला आधी २५ टक्के भरावे लागतात, उरलेले साधारण पंधरा दिवसांत. एवढा पैसा तयार असलेली माणसं थोडी, आणि ती एकमेकांना ओळखतात. सव्वा वर्ष गेलं तर येणं साडेबावीस, त्यावर वकील, जाहिरात, मूल्यांकन यांचे पाऊणेक लाख. २५ ला गेलं तर हातात पावणेदोन. पहिल्या फेरीत कुणी आलं नाही आणि राखीव किंमत दहा टक्क्यांनी उतरवली, तर पाऊण लाख उलट तुमच्याच अंगावर. हे आकडे अंदाजाचे आहेत, पण अकरा वर्षांत मी पाहिलेल्या लिलावांची दिशा हीच होती.

ओटीएस, म्हणजे येण्यापेक्षा कमी रकमेत एकदाच तडजोड, मिळेल का, असं बरेच जण विचारतात. घराची किंमत येण्यापेक्षा जास्त असताना बँक मुद्दल का सोडेल? दंड, काही खर्च कमी करायला सांगा, तेवढं होतं. मात्र "सेटलमेंट" या शब्दाखाली सही करू नका. पूर्ण पैसे भरताय तर सिबिलला खातं "क्लोज्ड" असंच गेलं पाहिजे.

वडिलांचं शेत. त्यांचा जीव मला कळतो. पोराच्या घरावर बँकेचा कागद चिकटण्यापेक्षा रान गेलेलं बरं, असं त्यांना वाटतंय. पण शेत विकून थकबाकी भरली तर पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला पुन्हा १९,८०० लागणारच आहेत, आणि सगळं कर्ज फेडण्याएवढं ते रान निघालं तरी वडिलांचं म्हातारपण तुमच्या रो हाऊसमध्ये चिणलं जाईल. शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही. आज ते रान या आगीच्या बाहेर आहे, ते बाहेरच राहू द्या. तुमच्या पीएफ आणि ग्रॅच्युइटीचंही तेच. जोवर ते तिथे आहेत तोवर कुणी सावकार-बँक त्यावर जप्ती आणू शकत नाही. तुम्हीच काढून हप्त्यात ओतलेत की संपलं.

आता तो ओळखीचा माणूस. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण बँकेपेक्षा मला त्याची भीती वाटते. आपल्याकडे हा प्रकार गावोगाव आहे. तो बँकेचे एकवीस भरतो, तुम्ही २९ च्या घराचं नोंदणीकृत खरेदीखत त्याच्या नावे करता, आणि "परत फिरवून देईन" हे तोंडी राहतं, फार तर शंभराच्या स्टॅम्पवर. दरमहा तुम्ही त्याला "भाडं" देता, ते खरं तर व्याज असतं, शेकडा तीन नाहीतर पाच. दोन महिने भाडं चुकलं की तो मालक आणि तुम्ही भाडेकरू. कागद त्याच्या बाजूने बोलतो. चोपड्याकडच्या एका शिक्षकाची केस मी जवळून पाहिली. घर तर गेलंच, वर सात वर्षं तो कोर्टाच्या पायऱ्या चढत होता. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते, २०१४ चा कायदा त्यासाठीच आहे. पण तक्रार करण्याची वेळ आणण्यापेक्षा आजच त्याला सांगा, "भाऊ, विकायचंच आहे तर २९ ला घे आणि सगळे पैसे बँकेतून दे." तो पुन्हा फोन करणार नाही.

पतसंस्थेचं कर्ज लहान आहे, पण ते आधी मिटवा. पतसंस्था सरफेसीने येत नाही, ती सहकार कायद्यातल्या कलम १०१ च्या वसुली दाखल्याने येते, आणि तो दाखला निघाला की वसुली अधिकारी कर्जदाराला शोधत बसत नाही. ज्याचा पगार चालू आहे त्या जामीनदाराकडे जातो. साडूचा पगार कापला गेला तर दोन बहिणींचं बोलणं बंद होईल. घर परत घेता येतं, हे सांधणं अवघड.

बोजा असलेलं घर विकता येतं का? येतं, रोज विकली जातात. पण मागणी नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विक्री करायला कायद्याने मनाई आहे. म्हणून पहिला कागद म्हणजे शाखाधिकाऱ्याच्या नावे अर्ज: नोकरी गेली आहे, घर मी स्वतः विकून पूर्ण कर्ज फेडतो, विक्रीला संमती द्या आणि नव्वद दिवस पुढची कारवाई थांबवा. सोबत गिऱ्हाइकाचं नाव आणि देऊ केलेली किंमत. अर्ज दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी "बघू" याला काही अर्थ नाही, मी स्वतः कित्येकांना "बघू" म्हटलंय. बँकेलाही लिलावाची कटकट नको असते. खरं गिऱ्हाईक दिसलं की बहुतेक अधिकारी थांबतात.

मग बँकेकडून फोरक्लोजर लेटर आणि त्यांच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी घ्या. गिऱ्हाईक कर्ज काढणार असेल तर त्याची बँक हेच मागते. त्याच्या बँकेचा डीडी थेट तुमच्या कर्जखात्याच्या नावे निघतो आणि उरलेला तुमच्या नावे. गिऱ्हाईक "थोडे रोखीत घ्या" म्हणेल. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि तुमच्या बाबतीत कायदा बाजूला ठेवला तरी ते घातक आहे: कागदावर किंमत कमी दिसली तर बँक संमती देणार नाही. कर्ज मिटलं की ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बेबाकी दाखला, म्हणजे काही येणं उरलं नाही असं बँकेचं पत्र, घेऊन उताऱ्यावरचा बोजाही उतरवून घ्या, नाहीतर गिऱ्हाईक तीन महिन्यांनी तुमच्या दारात. आयकराचं एकदा विचारून घ्या. ताबा घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं व्हायच्या आत घर विकलं तर ८०सी खाली मुद्दलापोटी घेतलेली सूट उत्पन्नात परत धरतात.

ताब्याची तारीख ही भाव करण्याची गोष्ट आहे हे लोक विसरतात. दहा-वीस हजार कमी घ्या, पण शाळेची वार्षिक परीक्षा होईपर्यंत राहायला मागा आणि ते साठेखतात लिहून घ्या.

वसुलीवाल्यांचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर यायला नकोत. शेजाऱ्यांना, नातेवाइकांना फोन करून बदनामी करणं तर अजिबात नाही. आले तर तारीख-वेळ लिहून बँकेकडे लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीचा नंबर १४४४८.

तुम्ही लिहिलंय की तीन महिने रात्री गच्चीवर बसता आणि घरात कुणाशी बोलत नाही. हे मी सोडून देणार नाही. १४४१६ वर फोन करा, सरकारी सेवा आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही. आणि बायकोला हे उत्तर वाचायला द्या.

राहता राहिले वडील. त्यांचा खरा प्रश्न शेत की घर हा नाही. "लोके काय म्हनतीन" हा आहे, आणि दुसरा म्हणजे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक आली तर उतरेल कुठे. या दुसऱ्याचं उत्तर तुमच्याकडे आहे. रान विकलं नाही तर गावातलं घरही राहतं. ती तिथे येईल, झोका तिथल्या लिंबाला बांधा. श्रावणातली कानबाई देवी तर तुमच्याकडे आजही भाऊबंदांसोबत गावातच बसते असं तुम्हीच लिहिलंय. वडिलांना वही दाखवा, पाच हजार दोनशेचा आकडा त्यांनाही वाचता येतो.

गिऱ्हाइकाला आजच फोन करा, पण विसार पावती उद्या करू नका. आधी बँकेत अर्ज, मग संमतीचं पत्र, त्यानंतर विसार. आणि तो २९ म्हणतोय तर तुम्ही ३० सांगा, तुमची नोटीस त्याने अजून पाहिलेली नाही. मात्र बोजा आहे हे पहिल्याच भेटीत सांगा, उताऱ्यावर तो दिसणारच आहे.